धातूशी धातूची गाठ

मुलचेऱ्याहून पूर्वेस रानाची वाट धरली म्हणजे एटापल्ली तालुक्याच्या ज्या डोंगररांगा लागतात त्यांत सुरजागडचा डोंगर आहे, आणि त्या डोंगराची तांबडी माती एकवार पायाला लागली की तिच्या पोटात कोणता धातू आहे हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ बोलवावा लागत नाही. जुन्या चांदा जिल्ह्याचे, म्हणजे १९८२ साली गडचिरोली निराळा होण्यापूर्वीच्या त्या अवाढव्य मुलखाचे, लोखंड फार दिवसांपासून राज्यकर्त्यांच्या नजरेत होते. लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव ही नावे इंग्रज अमलदारांच्या दप्तरांत वारंवार आढळतात. जमशेटजी टाटांनी पोलादाचा कारखाना काढण्याचे मनात आणले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहिला तो चांदा जिल्हाच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे चिरंजीव दोराबजी व अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी लोहाऱ्याची टेकडी पालथी घातली ती त्याच हेतूने. खनिज उत्तम निघाले. पण साठा अपेक्षेइतका नव्हता आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामी येण्याजोगा ठरला नाही. बेत रहित झाल्याचे सरकारास कळवावे म्हणून दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले, ज्या अधिकाऱ्याची भेट घ्यायची तो जागेवर नव्हता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे दुर्ग जिल्ह्याच्या भूस्तराचा रंगीत नकाशा पाहून त्यांची पावले दुसऱ्याच दिशेला वळली, ही हकिकत टाटांच्या चरित्रांतून प्रसिद्धच आहे. चांद्याचे लोखंड त्यानंतर बराच काळ जमिनीत स्वस्थ पडून राहिले.

टाटांच्या कितीतरी आधीपासून ह्या प्रदेशात मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळले जाई, आणि त्या भट्टीत काय घडे याचा येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण पुढची सारी कथा त्यातूनच निघते. खनिज व लाकडी कोळसा भट्टीत भरून भाता चालू केला की कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू उत्पन्न होतो, आणि खनिजातला ऑक्सिजन हिरावून घेऊन लोखंड मोकळे करण्याचे मुख्य काम हा वायूच करतो. म्हणजे लोह आणि कार्बन मोनॉक्साईड हे चांद्याच्या रानात शतकानुशतके एकमेकांना भेटत आले. परंतु भट्टीच्या त्या प्रखर उष्णतेत दोघांचे संयुग होणे शक्य नव्हते, कारण ते संयुग मंद उष्णतेत व वायूच्या भारी दाबाखाली सुखाने तयार होते आणि जरा अधिक तापवले की मोडून पडते. त्याचा शोध लागण्यासाठी युरोपातल्या एका सोड्याच्या कारखान्यातील झडपा खराब व्हाव्या लागल्या.

तो कारखाना इंग्लंडच्या चेशायर परगण्यात विनिंग्टन येथे होता, आणि त्याचे एक मालक लुडविग माँड हे जन्माने जर्मन व वृत्तीने रसायनज्ञ असे गृहस्थ होते. निकेलच्या झडपा वारंवार का कुरतडल्या जातात याची चौकशी करण्याची त्यांनी तजवीज केली, तेव्हा वायूमध्ये मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साईडवर संशय आला. पुढे कार्ल लँगर व फ्रीड्रिख क्विंके या सहकाऱ्यांसह त्यांनी निकेलच्या बारीक चूर्णावरून तो वायू नेऊन पाहिला. उपकरण निवत आले तशी बाहेर पडणाऱ्या वायूची एरवी निळसर जळणारी ज्योत एकाएकी उजळली, आणि त्या ज्योतीत चिनी मातीचा थंड तुकडा धरताच त्यावर निकेलचा थर बसला. जड धातू वायुरूपाने नळीतून वाहत होता! १८९० साली प्रसिद्ध झालेले हे निकेल कार्बोनिल, म्हणजे निकेल व कार्बन मोनॉक्साईड यांचे संयुग, ४३ अंश सेल्सिअसला उकळते. चांद्याच्या उन्हाळ्यात सावलीतला पारा सहज त्याच्या वर जातो, म्हणजे ते मुलचेऱ्याला नेले असते तर ज्येष्ठातल्या दुपारी चुलीवाचूनच उकळले असते, आणि त्याचा वाफारा ज्याच्या नाकात गेला असता तो बहुधा वाचला नसता. पुढच्याच वर्षी माँड व क्विंके यांनी इंग्लंडात आणि बर्तलो यांनी फ्रान्समध्ये, एकमेकांना न विचारता, लोहाचे कार्बोनिल मिळवले. हा फिकट पिवळा द्रव १०३ अंशाला उकळतो. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचा एक अणू असून त्याभोवती कार्बन मोनॉक्साईडचे पाच रेणू असतात.

या द्रवाला प्रकाश सोसत नाही. तो तपकिरी बाटलीत ठेवतात तो उगीच नव्हे. स्वच्छ काचेच्या नळीत अॅसिटिक आम्लाबरोबर तो घालून नळी उन्हात ठेवली, म्हणजे आरंभी काहीच घडत नाहीसे वाटते. मग तळाशी व काचेच्या कडेला लहान लहान बुडबुडे धरू लागतात, द्रवात एक चमक हलू लागते, आणि पाहता पाहता सोनेरी रंगाचे, अतिशय पातळ, षट्कोनी पापुद्रे तळाशी बसत जातात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे जेम्स ड्यूअर, ज्यांनी शोधलेल्या दुहेरी भिंतीच्या बाटलीचे वंशज आज आपल्या घरोघर चहा गरम ठेवतात, आणि केंब्रिजचे हम्फ्री ओवेन जोन्स या दोघांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पापुद्र्यांची नीट परीक्षा केली व त्यांत लोहाचे दोन अणू आणि कार्बन मोनॉक्साईडचे नऊ रेणू असल्याचे ठरवले. या पदार्थाला आपण नवकार्बोनिल म्हणू. दुर्दैवाने जोन्स यांना या कामाचे फलित पाहायला मिळाले नाही. १९१२ च्या ऑगस्टमध्ये, लग्नाला जेमतेम दोन आठवडे झाले असताना, आल्प्स पर्वतात चढाई करीत असता ते व त्यांची पत्नी, दोघेही कडा कोसळावा तसे खाली जाऊन मरण पावले.

दोन लोह आणि नऊ वायुरेणू ही बेरीज झाली. पण रेणूची रचना कशी? साधारणतः अशा प्रश्नाची पहिली पायरी म्हणजे पदार्थ एखाद्या द्रावकात विरघळवून त्याचा रेणुभार मोजणे. नवकार्बोनिल जवळजवळ कशातच विरघळत नाही. त्यामुळे हा सोनेरी पापुद्रा तीस वर्षांहून अधिक काळ रसायनज्ञांपुढे मुका बसून राहिला, आणि त्या तीस वर्षांत त्याला बोलते करण्याची साधने अन्यत्र, काही अंशी आपल्या देशातही, तयार होत गेली.

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली धातूंच्या संकुलांची जी उपपत्ती मांडली, आणि जिच्याबद्दल त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तिच्यात धातूचा अणू मध्यभागी एकटा असतो आणि त्याच्या सभोवती ठरावीक संख्येने इतर रेणू वा आयन बसतात. एका संकुलात दोन धातू आलेच तर त्यांच्या मध्ये ऑक्सिजनसारख्या कोणाचा तरी पूल असतो. धातूने धातूला थेट धरावे अशी त्या व्यवस्थेत वहिवाट नव्हती. वेर्नर यांचा अधिकार एवढा मोठा होता, आणि त्यांची उपपत्ती इतर बाबतींत इतकी अचूक ठरली होती, की जे त्यांच्या नकाशात नाही ते निसर्गातही नाही असे मानण्याकडे दोन पिढ्यांचा कल राहिला. मोठ्या उपपत्तींचे हे एक उपद्रवमूल्य असतेच.

तरीही एक अपवाद सर्वांना ठाऊक होता, आणि तो म्हणजे पारा. मुलचेरा तालुक्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व बंगालच्या निर्वासितांची जी गावे वसली, सुंदरनगरसारखी, तेथील वृद्धांना आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे नाव नवे नसावे, कारण प्रफुल्लचंद्र त्याच पूर्व बंगालातील, आज बांगलादेशात असलेल्या राडुली गावचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पाऱ्यावर विरल नायट्रिक आम्लाची थंडपणे क्रिया करीत असता त्यांना अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक मिळाले, आणि मर्क्युरस नायट्राइट या पदार्थाचा तो शोध १८९६ साली प्रसिद्ध होऊन भारतीय रसायनशास्त्राचे नाव प्रथमच दूरवर पोहोचले. ह्या मर्क्युरस जातीच्या क्षारांत, आणि वैद्यांच्या रसकापुराशी ज्याचे नाव जोडले जाते त्या कॅलोमेलमध्येही, पाऱ्याचे अणू एकटे राहत नाहीत. ते जोडीने असतात. १८९८ साली ऑग यांनी विजेच्या दाबाच्या मापनांवरून ही जोडी सिद्ध केली, आणि पुढे क्ष-किरणांनी तिला दुजोरा दिला. जोडी आहे एवढे कळले. पण दोन अणूंमधला बंध स्वतः कोणी पाहिला नव्हता.

तो पाहण्याचे, किंवा ऐकण्याचे म्हणा, साधन पुरवले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. हे रामन सरकारी वित्तखात्यातील अधिकारी म्हणून १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरास नेमणुकीवर होते, आणि मध्यप्रांताच्या ज्या हिशेबांवरून त्यांची नजर फिरली असेल त्यांत चांद्याच्या जंगलाचा जमाखर्चही आलाच असणार. पुढे ते कलकत्त्यास गेले, तेथे काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांच्या नावाचा परिणाम जगापुढे आला. प्रकाश एखाद्या पदार्थातून विखुरताना त्यातील रेणूंच्या कंपनांची खूण घेऊन बाहेर पडतो, हे त्याचे सार. दोन अणूंमध्ये बंध असेल तर तो ताणला-आवळला जाण्याची एक ठरावीक लय असते, आणि ती लय वर्णपटात रेषा होऊन उमटते. १९३४ साली एल. ए. वुडवर्ड यांनी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणावर हा प्रयोग केला आणि पारा-पारा बंधाची रेषा त्यांच्या छायाचित्रपट्टीवर उमटली. त्या काळी अशा प्रयोगांत पाऱ्याच्याच दिव्याचा उजेड वापरीत, तेव्हा पाऱ्याच्या उजेडात पाऱ्याने आपल्या जोडीदाराची कबुली दिली म्हणायची. धातू धातूला थेट धरू शकतो याबद्दल आता एका धातूपुरती तरी शंका उरली नाही. प्रश्न असा होता की हा पाऱ्याचा एकट्याचा स्वभाव आहे, की लोखंडादी धातूही संधी मिळताच तसेच वागतात.

ऑक्सफर्डमध्ये नेव्हिल सिजविक यांनी याच सुमारास इलेक्ट्रॉनांचा जो हिशेब मांडला, तो समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही; आणि सुदैवाने तो तलाठ्याच्या खतावणीहून अवघड नाही. कार्बोनिलांच्या राज्यात धातूच्या अणूच्या बाह्य कक्षांत १८ इलेक्ट्रॉन जमले म्हणजे त्याचे समाधान होते. प्रत्येक कार्बन मोनॉक्साईड आपल्याबरोबर २ इलेक्ट्रॉन घेऊन येतो. निकेलजवळ स्वतःचे १० असतात, म्हणून त्याला चार कार्बोनिल पुरतात. लोहाजवळ ८ असतात, म्हणून त्याला पाच लागतात. आता उन्हाच्या धक्क्याने लोहाच्या पंचकार्बोनिलातला एक कार्बन मोनॉक्साईड निसटला, तेच ते बुडबुडे, म्हणजे लोहाजवळ १६ च उरतात. हा उणा पडलेला रेणू शेजारच्या एका अखंड रेणूला बिलगतो आणि दोघे मिळून नवकार्बोनिल होतात. हिशेबात काही तरी वाटून घेतले जात आहे एवढे दिसते. काय, आणि कोणत्या वाटेने, हे दिसत नाही.

ते दाखवण्याचे काम ऑक्सफर्डचेच एच. एम. पॉवेल व त्यांचे सहकारी यूएन्स यांनी केले. पॉवेल हे स्फटिकशास्त्रातले मोठे निष्णात. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांनी संशोधनाचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली गिरवले. १९३९ साली पॉवेल व यूएन्स यांनी नवकार्बोनिलच्या पापुद्र्यावर क्ष-किरण टाकून रेणूची रचना उलगडली. दोन लोहअणू समोरासमोर. प्रत्येकाजवळ तीन कार्बोनिल केवळ त्याचे स्वतःचे. आणि उरलेले तीन दोघांच्या मधोमध, दोघांनाही धरून, पुलासारखे बसलेले. दोन लोहांमधले अंतर २.४६ अँगस्ट्रॉम निघाले. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. खुद्द लोखंडाच्या धातूत शेजारच्या अणूंचे अंतर २.४८ असते. तेव्हा हे दोन लोहअणू रेणूत धातूइतकेच जवळ आले होते. आणि हिशेब? प्रत्येक लोहाचे स्वतःचे ८, स्वतःच्या तीन कार्बोनिलांचे ६, सामाईक तिघांकडून प्रत्येकी १ प्रमाणे ३, एकूण १७. एक कमी. शिवाय हा पदार्थ चुंबकाकडे ओढला जात नाही, याचा अर्थ एकही इलेक्ट्रॉन त्यात एकटा नाही. तेव्हा दोन लोहअणूंमध्ये थेट बंध असलाच पाहिजे, त्यामुळेच दोघांचे १८ भरतात, असा निष्कर्ष निघाला, आणि तो त्या क्षणी अटळ वाटत होता.

निष्कर्ष मोठा होता. पण पुराव्यात एक छिद्र होते. आपल्याकडे दोन घरांची सोयरीक तीन तीन मध्यस्थांनी खेचून जुळवली असेल, तर मुलामुलीचे एकमेकांवर मन होते की नव्हते हे त्या लग्नावरून सांगता येत नाही. नवकार्बोनिलमध्ये तीन कार्बोनिल दोन लोहांना दोन्ही बाजूंनी धरून एकत्र ओढत होते. मग लोहअणू जवळ आले ते परस्परांच्या ओढीने, की त्या तिघांच्या पकडीमुळे? खरा दाखला हवा होता तो अशा संकुलाचा, ज्यात मध्ये कोणीही नसताना धातूने धातूला धरले आहे.

तो दाखला मँगनीजने दिला. मँगनीज म्हटले की आपल्या विदर्भातल्या माणसाला मनसर, तुमसर आणि डोंगरी बुजरुकच्या खाणी आठवतात, आणि भंडारा-नागपूरचे ते काळे खनिज शंभराहून अधिक वर्षे पोलादाच्या कामी जगभर गेले आहे. त्याचे कार्बोनिल मात्र निकेल-लोहाच्या कार्बोनिलांनंतर अर्धे शतक उलटले तरी कोणाला साधले नव्हते. १९५४ साली अमेरिकेत ब्रिम, लिंच व सेस्नी यांनी मँगनीजच्या आयोडाइडवर मॅग्नेशियम व भारी दाबाचा कार्बन मोनॉक्साईड यांची क्रिया करून सोनेरी-पिवळे स्फटिक मिळवले. उत्पन्न इतके अल्प की दुसरा कोणी असता तर तो गाळ समजून ओतून मोकळा झाला असता. मँगनीजजवळ स्वतःचे ७ इलेक्ट्रॉन. पाच कार्बोनिल घेतले तर १७, सहा घेतले तर १९. एकट्याने १८ गाठणे त्याला शक्यच नाही. म्हणून मँगनीजचे दोन अणू आणि दहा कार्बोनिल असा रेणू होतो. आयोवा राज्य विद्यापीठात लॉरेन्स डाल, इशिशी व रॉबर्ट रंडल यांनी १९५७ साली क्ष-किरणांनी त्याची रचना काढली, तेव्हा दिसले की दहाही कार्बोनिल आपापल्या मँगनीजजवळ, पाच इकडे आणि पाच तिकडे, आणि मध्ये पूल म्हणून कोणी नाही. एका मँगनीजच्या चार कार्बोनिलांच्या फटींसमोर दुसऱ्याचे चार येतील असे दोन्ही अर्धे ४५ अंशांत फिरलेले आहेत, कारण समोरासमोर आले तर ते एकमेकांना अडतात. दोन मँगनीजमधले अंतर सुमारे २.९ अँगस्ट्रॉम, म्हणजे चांगलेच लांब; तरीही रेणू अभंग. धातू-धातू बंधाच्या इतिहासात १९३९ पेक्षा १९५७ हे साल मला मोठे वाटते, आणि पाठ्यपुस्तके पॉवेल यांना जेवढी जागा देतात तेवढी डाल-रंडल यांना देत नाहीत याचे नवलही वाटते.

हा मँगनीज-बंध लांब असल्यामुळे दुबळाही आहे. प्रकाशाने तो सरळ मधोमध तुटतो आणि १७ इलेक्ट्रॉनांचे दोन अर्धे मोकळे होतात. त्यांना दुसरे काही मिळाले नाही तर ते पुन्हा एकमेकांनाच येऊन मिळतात. येथेच द्विवारिक, म्हणजे दोन सारख्या अर्ध्यांचा जोडरेणू, बनण्याचे खरे यंत्र उघडे पडते: ज्या धातूच्या वाट्याला विषम संख्या येते, त्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन एकटा राहतो, आणि असे दोन एकटे एकत्र आले की बंध होतो. नियमाला व्हॅनेडियम तेवढा जुमानत नाही. इटलीत १९६० च्या सुमारास तयार झालेल्या त्याच्या कार्बोनिलात स्वतःचे ५ आणि सहा कार्बोनिलांचे १२ मिळून १७ च होतात, म्हणजे त्याने मँगनीजप्रमाणे जोडीदार शोधायला हवा. पण सहा कार्बोनिलांनी त्याला चहूबाजूंनी असे वेढलेले असते की दुसऱ्या व्हॅनेडियमला जवळ यायला वावच राहत नाही, आणि तो एकटा, चुंबकाकडे ओढला जाणारा, तसाच जगतो.

कोबाल्टची गोष्ट उद्योगधंद्याची आहे. त्याजवळ स्वतःचे ९ आणि चार कार्बोनिलांचे ८, पुन्हा १७; म्हणून दोन कोबाल्ट व आठ कार्बोनिल यांचा नारिंगी द्विवारिक होतो. स्फटिकात दोन कार्बोनिल मध्ये पूल होऊन बसतात. परंतु द्रावणात गेल्यावर रेणूंचा एक भाग ते पूल मोडून टाकतो आणि मँगनीजप्रमाणे नुसत्या थेट बंधावर उभा राहतो. दोन्ही रूपे एकाच बाटलीत, एकमेकांत सतत पालटत नांदतात. जर्मनीत ओबरहाउझेन येथे रूरकेमी कंपनीच्या ओटो रोलेन यांनी १९३८ साली अल्कीन, कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोजन यांपासून अल्डिहाइड बनवण्याची जी प्रक्रिया शोधली, तिच्यात कोबाल्टचा हा द्विवारिक कामास येतो. पण काम तो जोडीने करीत नाही: हायड्रोजन आधी बंध तोडून त्याचे दोन तुकडे करतो, आणि प्रत्येक तुकडा एक एक हायड्रोजन घेऊन उत्प्रेरक म्हणून कामाला लागतो, असे हेक व ब्रेस्लो यांनी १९६० च्या आसपास दाखवले. साबणचूर्णे आणि प्लास्टिकला मऊपणा देणारे पदार्थ यांसाठी लागणारी अल्कोहोले पुढे या मार्गाने प्रचंड प्रमाणावर निघू लागली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते जानेवारी १९५० मध्ये झाले, रघुनाथ चौधरी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच प्रक्रियेच्या वेगाचा वर्षानुवर्षे बारकाईने अभ्यास केला.

बंध एकेरीच असला पाहिजे असेही नाही, हे १९६४ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात एफ. ए. कॉटन यांनी ऱ्हेनियमच्या एका क्लोराइडावरून दाखवले. त्यात दोन ऱ्हेनियम २.२४ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे ऱ्हेनियम धातूतल्यापेक्षा सुमारे अर्धा अँगस्ट्रॉम जवळ आले होते. मध्ये पूल नाही, आणि दोन्ही बाजूंची क्लोरिने मँगनीजसारखी तिरपी न होता अगदी समोरासमोर. एवढी गैरसोय रेणू सोसतो त्याअर्थी तिच्या मोबदल्यात त्याला काही मिळते आहे, असा तर्क करून कॉटन यांनी चौपदरी बंधाची कल्पना मांडली, आणि ती टिकली. कार्बनाला तीन पदरांपलीकडे जाता येत नाही, धातूला येते.

मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकापासून प्रदीप माथुर यांनी जे काम केले ते आपल्या लोहाच्या कथेला पुन्हा जवळ आणते. गंधक, सेलेनियम व टेल्युरियम ही एकाच कुळातली तीन मूलद्रव्ये घेऊन त्यांनी लोहाच्या कार्बोनिलांची अनेक संकुले बांधली. त्यांतल्या कित्येकांत दोन लोहअणू एकमेकांना धरून असतात आणि ती जोडी या तिघांपैकी दोघे पुलासारखे बसून सावरतात. त्यांना २००० साली भटनागर पुरस्कार मिळाला व पुढे इंदूरच्या नव्या संस्थेचे ते पहिले संचालक झाले. गंधकाच्या पुलावर उभी असलेली दोन लोहांची जोडी जर्मनीत राइलेन यांनी १९२९ सालीच तयार केली होती. तिच्याकडे सत्तर वर्षे केवळ प्रयोगशाळेतील एक कुतूहल म्हणून पाहिले गेले. मग १९९८ व १९९९ साली अमेरिकेत व युरोपात हायड्रोजिनेज या जीवाणूंच्या एंझाइमाची रचना उलगडली, आणि त्याच्या गाभ्यात काय सापडावे? दोन लोहअणू, सुमारे २.६ अँगस्ट्रॉमवर, मध्ये गंधकाचे दोन अणू, आणि भोवती कार्बन मोनॉक्साईड व सायनाइड, म्हणजे ज्या दोन विषांना सजीव सर्वांत अधिक भितात तीच. जेथे हवा पोहोचत नाही अशा मातीत राहणारे जीवाणू या जोडीच्या आधाराने हायड्रोजन तयार करतात. मुलचेरा व चामोर्शीच्या धानाच्या बांधीत पावसाळाभर पाणी साचून राहते, माजी मालगुजारी तलावांच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो, आणि तशाच वायुहीन चिखलात या जातीच्या जीवाणूंचा संसार चालतो. माँडच्या झडपांच्या कितीतरी कोटी वर्षे आधी लोहाचे कार्बोनिल चिखलात बनत होते, हे रसायनज्ञांना विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले.

राहता राहिला तो सोनेरी पापुद्रा. कॉटन व ट्रूप यांनी १९७४ साली त्याची रचना पुन्हा मोजली आणि लोह-लोह अंतर सुमारे २.५२ अँगस्ट्रॉम निघाले. पण अंतर हा बंधाचा पुरावा असतोच असे नाही, हे एव्हाना सर्वांना पटले होते. आणि १९७० नंतर पुंजयामिकीची गणिते जसजशी सूक्ष्म होत गेली तसतसे त्यांनी वारंवार सांगितले की नवकार्बोनिलमधल्या दोन लोहअणूंत थेट ओढ जवळजवळ नाही, उलट किंचित दुरावाच आहे, आणि त्यांना एकत्र ठेवणारे इलेक्ट्रॉन मधल्या तीन कार्बोनिलांतून वाहतात. म्हणजे ज्या रेणूवरून थेट बंधाची कल्पना मांडली गेली त्याच रेणूत तो बंध बहुधा नसावा. कल्पना मात्र मँगनीजात, कोबाल्टच्या पूलहीन रूपात आणि ऱ्हेनियमात अक्षरशः खरी ठरली. अठराचा हिशेब जुळतो एवढ्याच आधारावर आपल्या महाविद्यालयांतील पुस्तके आजही त्या दोन लोहांमध्ये एक ठाशीव रेघ ओढतात आणि परीक्षेत ती न काढणाऱ्या विद्यार्थ्याचा एक गुण कापला जातो. माझे मत असे की ती रेघ तुटक काढावी, आणि ठाशीव रेघ मँगनीजसाठी राखून ठेवावी.